आधी कोण वाकतं

आमच्या गॅरेजमध्ये सूनबाई मेणबत्त्या करते. उन्हाळा लागला तशा त्या माना टाकू लागल्या. मुलाने जुना फ्रिज आणून आत लावला आणि खोली गार व्हावी म्हणून त्याचं दार दिवसभर उघडं ठेवलं. पण मेणबत्त्या आणखीच लवकर वाकायला लागल्या.

"या आठवड्यात जमलं नाही, तर मी हे काम सोडते," सूनबाई म्हणाली.

मला प्रश्न पडला, ऊन बाहेर आहे, मग आत एवढी धग येते कुठून? मी पाच सारख्या मेणबत्त्या घेतल्या. शटरजवळ, छताच्या पत्र्याखालच्या फळीवर, खिडकीत, भिंतीशी आणि फ्रिजच्या मागे एकेक उभी केली आणि स्टूल घेऊन बसलो.

"बाबा, मेणबत्त्यांची राखण चाललीय का?" मुलाने विचारलं.

"आधी कोण वाकतं ते बघतोय."

तासाभरात फ्रिजमागची वाकली. तिथे हात धरला, तर चांगलीच झळ लागली. "हा आतली उष्णता मागून खोलीतच सोडतोय, वर मोटरची धग वेगळी," मी म्हणालो.

"फ्रिजने खोली तापते म्हणे," मुलगा हसला. "उद्या म्हणाल, चुलीवर बर्फ होतो."

सूनबाईने स्वतः हात धरून पाहिला आणि फ्रिजचा प्लग काढला. संध्याकाळी आम्ही तिघांनी मिळून तो बाहेर नेला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पाच मेणबत्त्या मांडल्या. भर दुपारी चार ताठ होत्या. पत्र्याखालची तेवढी जराशी कलली होती.

सूनबाई कंबरेवर हात ठेवून वर बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "आता या पत्र्याचं काय करायचं?"