आधी उजवीकडे

दाराजवळच्या खुंटीवरची गाडीची किल्ली खळकन फरशीवर पडली आणि भर दुपारी चिडीचूप बसलेलं घर दचकलं. रुचिरा ओट्याशी पोळ्या लाटत होती. लाटणं तसंच थांबलं. पाच वर्षांची मनू खुर्चीवर चढून खुंटीशी झटत होती. आता ओठ काढून उभी होती.

"मी मुद्दाम नाही पाडली."

"असू दे. राहू दे तिथेच."

"पण आपण आशामावशीला भेटायला जाणार ना? मग गाडी?"

"रिक्षाने जाऊ."

मनूने मुकाट्याने सँडल चढवले, नेहमीसारखे उलट्या पायांत. रुचिराने खाली बसून ते बदलले. त्या इवल्या टाचा हातात घेतल्या आणि क्षणभर सोडवेनात.

नवीन पनवेलला त्यांच्या सोसायटीच्या फाटकातून मनूची शाळा दिसते. रस्त्याच्या त्याच बाजूला, उजव्या हाताला. पण गाड्या येतात तिकडूनच. नियमाने जायचं तर डावीकडे वळून, लांबवर दुभाजक तुटतो तिथून फिरून, शाळा ओलांडून पुढे जाऊन पुन्हा वळायचं. एवढं कोण करतं? सगळे पालक फाटकातून सरळ उजवीकडे वळतात, चारही इंडिकेटर लावतात आणि कडेकडेने उलटे शाळेपर्यंत जातात. टिक-टिक, टिक-टिक. जणू माफी मागत मागत.

रुचिराला ते तिच्या नवऱ्याने, निनादनेच शिकवलं होतं. "चारही लाव, म्हणजे समोरच्याला कळतं. आपण होऊन वाट देतात." लायसन्सच्या परीक्षेत तिला विचारलं होतं, चारही दिवे कधी लावायचे? तिने बरोबर उत्तर दिलं होतं: गाडी रस्त्यात बंद पडली तर. ते उत्तर देऊन ती घरी आली आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेला उलटी जायला लागली.

आशालता त्या शाळेत मदतनीस होती. नेरे गावाहून यायची. सकाळी झेब्रा क्रॉसिंगशी उभी राहून पोरांना हात धरून पलीकडून आणायची. "काय गं चिमणे, दप्तर तुझं का तू दप्तराची?" असं मनूला रोज म्हणायची, आणि मनू रोज तेवढीच हसायची. पोरांना तिने एकच पाठ दिला होता. "आदी उजवीकडं बगायचं. गाडी तिकडूनच येते. मधल्या कठड्याशी थांबायचं, मग डावीकडं." मनू घरात बेडरूममधून हॉलमध्ये येतानासुद्धा तसंच करायची.

त्या सकाळी मनूला सोडायला जाताना समोरून शाळेची बस आली. रुचिरा गडबडली, बसला वाट द्यायला अगदी कडेला घुसली आणि पुढे निघून जाऊ म्हणून पाय दाबला. आशालताने उजवीकडे बघितलं. बस जाऊ दिली. रस्ता मोकळा होता. ती उतरली. रुचिरा डावीकडून आली.

तिनेच तिला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. चारही दिवे सगळा रस्ता लुकलुकत राहिले. बंद करायचं सुचलंच नाही.

निनादने पोलिसांना सांगितलं, बाईंचं लक्ष नव्हतं, एकदम आडव्या आल्या. शाळेच्या दारात तेव्हा कितीतरी पालक होते. सगळेच तिथून उलटे येतात, म्हणून कुणीच काही बघितलेलं नव्हतं.

"मी खरं सांगते," आज सकाळीच रुचिरा म्हणाली होती.

"आणि तुला आत घेतलं तर? मनूचं काय? बोल ना." निनादचा आवाज चढला नव्हता, फाटला होता. "त्या बाईंच्या पायात जीव येणारे का तुझ्या खरं बोलण्याने? आणि मनूसमोर तर एक शब्द नको. पोरं कुठेही बोलतात."

पण तिने मनाशी ठरवलं, पोलिसांचं नंतर बघू. आज आशाताईंना सांगायचं. निदान त्यांना.

रिक्षावाल्याने फाटकाबाहेर येताच हँडल उजवीकडे वळवलं.

"दादा, डावीकडून घ्या. पुढून वळवा."

"मॅडम, उगाच लांब पडंल की."

"पडू दे."

"तुमची मर्जी." तो हसला. "आज काय पोलीस हायत का काय पुढं?"

वॉर्डात आशालता उताणी पडली होती. चादरीखाली पाय इतके सरळ होते की रुचिराला तिकडे बघवेना. डॉक्टर म्हणाले होते, कमरेखाली आता काही आशा धरू नका. उशाशी तिची सासू, ठमाबाई, मोसंबं सोलत होती. रुचिराला बघून ती लगबगीने उठली, स्टूल पुढे केलं आणि तिचे दोन्ही हात धरले.

"बस गो बाय. तू व्हतीस म्हनून ही वाचली. दुसरा कोन आसता तर पलून गेला आसता."

"आजी, मला तुम्हाला काही—"

"नाय, तू जीवाला लावून घेऊ नको. हिचंच ध्यान नवतं. पोलीस बी तसंच बोलले."

रुचिराच्या जिभेवर आलेलं वाक्य तिथेच सुकलं. ते हात सुटतील, ही बाई स्टूल मागे ओढून घेईल, मग पोलीस, मग मनू. सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं.

आशालताने मान वळवली. "चिमणे, आलीस? दप्तर कुठं तुजं?"

मनू हसली नाही. पलंगाच्या लोखंडी कडेला धरून उभी राहिली.

"मी तरी रोज इचार करते बगा," आशालता छताकडे बघत म्हणाली. "उजवीकडं बगितलं व्हतं मी. गाडी नवती. पक्कं आठवतंय. पन मग लागली कशी? माजंच काय तरी चुकलं आसंल. पोरांना शिकवते आन मलाच येत नाय."

"तू बघितलं होतंस," मनू म्हणाली. "मी गाडीतून बघत होते. तू बरोब्बर बघितलंस."

ठमाबाईने पुन्हा हातात घेतलेली मोसंब्याची फोड तशीच राहिली. तिने एकदा नातीएवढ्या त्या पोरीकडे बघितलं, मग रुचिराकडे.

मनूने आईचा पदर ओढला. तिच्या कपाळावर आठी होती, गणित अडलं की पडायची तशी.

"आई, मग मावशीने कुठे बघायचं होतं?"