काचेच्या पेटीतले विमान

मित्रांनो, मी एक जुने लढाऊ विमान आहे. घाबरू नका. माझ्या दोन्ही बंदुका काडेपेटीतल्या काडीहून लहान आहेत. फार वर्षांपूर्वीच्या महायुद्धात दुहेरी पंखांची जी विमाने लढली, त्यांची मी प्रतिकृती. माझे अंग प्लॅस्टिकच्या छोट्या ठोकळ्यांचे आहे आणि नाकाशी गरगर फिरणारा पंखा आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी विमान नव्हतो, पिशव्यांत खुळखुळणारा पसारा होतो. ज्या घरात आलो तिथे लहान मुले नव्हती. एक ताई होत्या आणि त्यांचा धाकटा भाऊ. ताईंनी उभा जन्म कपडे शिवले होते. एके दिवशी मशीनवर बसल्या बसल्या त्यांचा उजवा हात लुळा पडला. बोटांचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "बारीक वस्तू उचला, दाबा, सोडवा. रोज." म्हणून भाऊ मला घेऊन आला.

"विमान?" ताई म्हणाल्या. "आता काय सैन्यात भरती होऊ?"

"दुकानात याखेरीज फक्त बाहुलीचं घर होतं."

"मग हेच बरं. झाडायला तरी लागणार नाही."

सुरुवातीला माझे ठोकळे त्यांच्या बोटांतून निसटून पलंगाखाली जात आणि ताई मला शिव्यांची लाखोली वाहत. मला राग येत नसे. ठोकळा नीट बसला की 'टक्' असा आवाज होई आणि त्यांच्या कपाळावरची आठी मिटे. शेपूट झाले, पंख झाले. शेवटी नाकाचा पंखा बसवून ताईंनी हळूच फुंकर मारली. तो फिरला.

भाऊ सुतार होता. त्याचे डोळे भरून आले. "आता याला कुणी हात लावायचा नाही," तो म्हणाला, आणि जीव ओतून त्याने माझ्यासाठी काचेची पेटी केली. ती भिंतीवर उंच बसवली आणि तिला घट्ट कडी लावली.

आल्यागेल्याने कौतुक केले. मीही हुरळलो. पण कौतुक ओसरले आणि मला कळले, की मी कोंडला गेलो आहे. खिडकीतला पडदा वाऱ्याने फुगे, माझा पंखा मात्र जागचा हलत नसे. आत पॉलिशचा वास कोंडून राहिला होता. आणि समोर ताई दिसत. भाऊ मायेने त्यांची बटणे लावून देई, भाजी चिरून देई. "तू बस, मी करतो." ताई बसत. त्यांचा उजवा हात मांडीवर पडून असे आणि बोटे पुन्हा आत वळू लागली होती. मला ते दिसत होते, पण सांगणार कसे? आपण कोसळून सुटे सुटे व्हावे, असे मला वाटे.

एका दुपारी भाऊ कुणाचे तरी दार बसवायला गेला होता. ताईंच्या बाहीचे बटण तुटून टेबलावर पडले. त्यांनी उजव्या हाताने ते उचलायचा प्रयत्न केला. चिमूट जुळेना. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. मग उठल्या, स्टूल ओढून त्यावर चढल्या. स्टूल डगमगले. माझा जीव टांगणीला लागला. डाव्या हाताने कडी हिसक्यासरशी उघडून त्यांनी मला छातीशी धरले आणि खाली उतरल्या.

भाऊ परतला तेव्हा माझे पंख टेबलावर पसरले होते.

"ताई, अगं काय केलंस हे? किती कष्टानं जोडलं होतंस."

"त्या कष्टांनीच हात चालत होता रे. तू त्याला पेटीत ठेवलंस आणि मला खुर्चीत."

एक ठोकळा घरंगळत जमिनीवर पडला, तसा भाऊ चटकन वाकला.

"राहू दे. मी उचलते."

ठोकळा निसटला. पुन्हा निसटला. भावाने समोर बसून आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. अखेर ताईंच्या बोटांनी ठोकळा पकडला.

मित्रांनो, वस्तू जपा, पुसा, पण अधूनमधून हातातही घ्या. आणि माणसाला जपताना त्याच्या वाटचे काम काढून घेऊ नका.

बरे, थांबतो. ताई माझा खालचा पंख उलटा बसवत आहेत. भावाला ते दिसते आहे, पण तो मुकाट्याने बसून आहे.