मळ्याकडे उघडणारी खिडकी

आमच्या इमारतीमागे मोकळी जागा होती. मोकळी आपली नावाला. तुटके कमोड, जुने टायर आणि अख्ख्या गल्लीचा कचरा तिथे सुखाने नांदत होता. त्या घाणीपायीच आमचं भाडं इतकी वर्षं वाढलं नव्हतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

माझ्या धाकट्या बहिणीच्या डोक्यात हवामानबदलाने घर केलं होतं. लांबून ट्रकने आलेली भाजी खाणं म्हणजे धूर खाणं, हे ती नेमकं आम्ही जेवायला बसलो की सांगायची. मोर्चे झाले, पत्रकं वाटून झाली, मग तिने सरळ फावडं उचललं. दोन वर्षं ती त्या उकिरड्याशी झटली. मीही वायरिंगची कामं आटपून कुरकुरत मातीच्या पाट्या वाहिल्या. पालक आला, वांगी आली, टोमॅटोंनी तर कहर केला. आईने शिलाई मशीन खिडकीशी सरकवलं. तिथून गार वारा येतो, हे आम्हाला नव्यानेच कळलं.

घरमालकालाही कळलं. एका रविवारी तो एका जोडप्याला घेऊन आला. पाहुणे आहेत म्हणाला. धाकटी हरखली. खत कसं करायचं, सावलीत काय लावायचं, सगळं तिने हौसेने दाखवलं, वर पिशवीभर वांगी दिली. इथे राहायला मिळालं तर काय बहार येईल, असं ती बाई म्हणाली.

"या ना," धाकटी म्हणाली. "माणसं हवीच आहेत."

आठवड्याभरात घर रिकामं करायचा निरोप आला. आमचंच. आईने हातापाया पडून पाहिलं, मी भांडून पाहिलं. जागेला आता भाव आलाय आणि तो तुमच्याच मुलीने आणलाय, असं घरमालकाने शांतपणे सांगितलं. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, पण तो खोटं कुठे बोलत होता? खालच्या काकूंचा नंबर आमच्यानंतर लागणार होता. धाकटीला जिन्यात पाहून त्यांनी दार लावून घेतलं.

नवी जागा शहराच्या टोकाला मिळाली. मागे गटार आणि भंगाराचा ढीग. टेम्पोतून सामान उतरत होतं आणि धाकटी त्या ढिगाकडे बघत उभी होती. ती नजर मी ओळखली. आईनेही ओळखली. आजवर आईने तिला एका शब्दाने दुखावलं नव्हतं. तिच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "इथे काही लावू नकोस, बाळा. आपल्याला इथे राहायचंय."