कृपया विश्रांती घ्या

जोडीला दुसरा ड्रायव्हर द्या, नाहीतर पगार तरी वाढवा, हे सांगून सांगून ट्रक ड्रायव्हरच्या तोंडाला फेस आला होता. मालकाने दोन्हीला वाटाण्याच्या अक्षता लावल्या आणि केबिनमध्ये एक बोलणारा कॅमेरा तेवढा बसवला.

भर दुपारी ड्रायव्हरचे डोळे मिटायला लागले, तसा कॅमेरा म्हणाला, "आपण थकला आहात. कृपया विश्रांती घ्या."

या नोकरीत इतक्या मायेनं त्याच्याशी कुणी बोललंच नव्हतं. त्याने गाडी कडेला लावली आणि पाय पसरले. डोळा लागतो न लागतो तोच मालकाचा फोन आला.

"गाडी का थांबली?"

"तुमचा कॅमेराच झोप म्हणाला, मालक."

"अरे शहाण्या, तो विमा कंपनीला दाखवायला लावलाय. त्याचं ऐकायचा पगार देतो का मी तुला?"