चांगलं चाललंय म्हणून तोटा

"ताई कामात आहेत," दाराबाहेरून मावशींचा आवाज आला.

"कसल्या कामात?"

"तुमच्या आईनं तुमच्यासाठी केलं होतं, तसल्या."

मग बुटांचा आवाज मागे फिरला. जुन्या फायलींच्या खोलीत, रॅकच्या आडोशाला स्टुलावर बसून मी पंपानं दूध काढत होते. हसू दाबताना बाटली कलंडता कलंडता वाचली.

मावशी आमच्या कँटीनच्या. मी बाळंतपणाच्या रजेवरून परत आले तेव्हापासून त्या दिवसातून दोनदा या दाराबाहेर खुर्ची टाकून बसत, कारण दाराला आतून कडी नाही. कडीसाठी मी अर्ज दिला होता. "बघू" असं उत्तर आलं. मावशी म्हणाल्या, "अर्ज कशाला करता, मी आहे की."

दार ढकलून त्या आत आल्या. "साहेब होते. चहासुद्धा जागेवरून न उठता मागवणारा माणूस, स्वतः चालत आला."

"काय म्हणाले?"

"मीटिंगच्या खोलीत बोलावलंय. चेहरा बघायला हवा होता. उसनी साखर मागायला आलेल्या शेजारणीसारखा."

मी बटणं लावली, बाटलीचं झाकण दोनदा तपासलं. मावशींनी ती रुमालात गुंडाळली. फ्रीजमध्ये ती कुठे ठेवायची, कुणाच्या डब्याआड, हे त्यांना सांगावं लागत नसे. जाता जाता म्हणाल्या, "कवळीचं माप देऊन आले काल. बोनस झाला की घेऊन जा म्हणाला दाताचा डॉक्टर. रिटायर व्हायच्या आत एकदा तुमच्यासमोर सफरचंद चावून खाणार आहे मी. कराकरा."

मावशींना वरचा एकही दात उरलेला नव्हता. त्या हसताना तोंडावर हात धरत.

साहेब म्हणजे कंपनीचे वित्तप्रमुख. त्यांच्यावर माझा राग का, हे सांगायचं तर आधी एका कर्जाबद्दल सांगायला हवं.

आमची कंपनी वजनकाटे बनवते. भाजीवाल्याच्या काट्यापासून ट्रक उभा राहील अशा काट्यापर्यंत. काही वर्षांपूर्वी पैशांची चणचण होती तेव्हा कंपनीने कर्जरोखे काढले. ज्यांनी पैसे दिले त्यांना दोन वाटा ठेवल्या होत्या: मुदत संपली की पैसे परत घ्या, नाहीतर ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घ्या. साहेबांनी शेअर घेण्याचा हा हक्क मालकांच्या भांडवलात टाकला आणि विषय मिटवला. तो करार पुन्हा माझ्या टेबलावर आला तेव्हा मला सातवा महिना होता. वाचताना शेवटाकडे एक कलम दिसलं: पुढे कंपनीने दुसऱ्या कुणाला स्वस्तात शेअर दिले, तर यांचाही भाव तेवढाच उतरेल.

भांडवलात बसायचं तर इतक्या पैशाला इतकेच शेअर, हे पक्कं हवं. इथे पक्कं काहीच नव्हतं. म्हणजे तो हक्क भांडवल नव्हे, देणं. कर्जातून तो वेगळा काढायचा आणि दर वर्षअखेरीला त्याची नव्याने किंमत करायची. वाढली तर तोटा, उतरली तर नफा. कर्ज आपलं व्याजाच्या चालीनं चालतं. त्याच्या पोटातला हा जीव शेअरच्या भावाबरोबर धडधडतो. माझ्या पोटात तेव्हा दुसरं हृदय त्याच्या स्वतःच्या गतीनं चाललं होतं, सोनोग्राफीच्या वेळी मी ते ऐकलं होतं. त्यामुळे असेल, मला हे चटकन कळलं.

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आता कशाला डोक्याला ताप? तुम्ही आपली तब्येत सांभाळा."

बाळ तारखेच्या आधीच आलं. मी दवाखान्यात असताना ऑडिटरबाईंनी नेमकी तीच चूक पकडली. हिशेब तपासणाऱ्या समितीपुढे साहेबांना जाब विचारला गेला. मावशी तेव्हा चहा घेऊन आत होत्या. पुढे बाळाला बघायला आल्या तेव्हा त्यांनी मला सांगितलं, "म्हणाले, ते काम एका बाईंकडे होतं. त्या अवस्थेत लक्ष राहत नाही."

मी बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढत होते. पाठीवरचा हात थांबला नाही. पण ते वाक्य मी गिळलं नाही, गालात धरून ठेवलं.

परत आले तर माझ्या खुर्चीत जावई. तो कुणाचाच जावई नाही. साहेब त्याला ज्या कौतुकाने वागवतात त्यावरून मावशींनी ठेवलेलं नाव. मला जिन्याजवळचं टेबल आणि टॅक्सीची बिलं मिळाली. येणारेजाणारे माझ्या टेबलावर छत्र्या ठेवत. मी रोज बिलं तपासायची आणि मनात साहेबांना जिन्यावरून खाली पाडायची. कधी पायरी ओली असे, कधी मी हळूच पाय पुढे करी.

"सोडून द्या, ताई," मावशी म्हणत. "तुम्ही दात धरून बसलात. मला तर धरायलाही नाहीत."

मीटिंगच्या खोलीत भिंतीवर एक कोष्टक झळकत होतं. त्या हक्काची किंमत काढायला रजेआधी मीच बनवलेलं. साहेबांशेजारी जावई माउस हातात घेऊन बसला होता.

"याला हात लावला की भलतंच काहीतरी होतं," तो म्हणाला.

"हात लावायच्या आधी वाचायचं असतं," मी म्हटलं.

साहेब हसले. मऊ हसले. "बसा, बसा. बाळ कसं आहे?"

रुग्णालयांकडून तान्ह्या मुलांच्या काट्यांची मोठी ऑर्डर आली होती आणि आमच्या शेअरचा भाव दुप्पट झाला होता. साहजिकच कर्जाच्या पोटातला तो हक्कही महाग झाला होता. इतका, की वर्षभराचा नफा खाऊन वर तोटा उरत होता.

"सगळं बरोबर आहे," साहेब म्हणाले. "फक्त चढउताराचा आकडा जरा जास्त धरला गेलाय."

शेअर जितका वरखाली होतो तितका असा हक्क महाग. साहेबांना आताचा चढउतार नको होता. शेअर झोपल्यासारखा पडून होता त्या जुन्या काळातला हवा होता. तो घातला की तोटा जाऊन पातळसा नफा उरत होता. साहेबांचं कंत्राट या वर्षी संपत होतं, आणि ते वाढणार की नाही हे त्या पातळ नफ्यावर होतं. हे त्यांनी सांगितलं नाही. दुसरंच सांगितलं.

"नफा नाही तर बोनस नाही. कुणालाच नाही. तुमच्या त्या मावशींनाही नाही." मग म्हणाले, "तुमचं जुनं टेबल आहेच. पाचला निघत जा. बाळ लहान आहे. शुक्रवारी फक्त समितीपुढे बसा. ऑडिटरबाईंना ज्यानं आकडा काढला त्याच्याशीच बोलायचंय."

म्हणजे या वेळीही काम एका बाईंकडे होतं.

"बसते," मी म्हटलं. बसते एवढंच म्हटलं. त्यात त्यांनी आपल्याला हवं ते ऐकलं.

त्या आठवड्यात बाळाचं अंग कोमट लागत होतं. मी ऑफिसातून घरी फोन करकरून सासूबाईंना भंडावलं.

"दात येताहेत गं," त्या म्हणाल्या. "हिरडी बघ कशी टमटमलीय. बाळाला मी बघते, तू तुझे आकडे बघ."

मी आकडे बघितले. दोन्ही तऱ्हेनं काढले. चढउतार खरा धरला की तोटा, झोपलेला धरला की नफा. तोट्याच्या आकड्याकडे बघताना मला मावशींचं सफरचंद दिसलं, नाही असं नाही. स्वच्छ दिसलं. मग साहेबांचं मऊ हसू दिसलं, आणि त्यापुढे सफरचंद मागे पडलं. जे खरं ते सांगायचं म्हणून मी पुढचं केलं, असं म्हटलं तर शोभून दिसेल. खरेपणा होताच, आयता हाताशी होता. पण तो नसता तर मी दुसरं काहीतरी शोधलं असतं.

शुक्रवारी सकाळी मी माझा आकडा साहेबांना मेलनं पाठवला. त्यांनी तो उघडला नसणार, हे मला ठाऊक होतं. माझे मेल ते कधीच उघडत नसत.

समितीच्या अध्यक्षांना कमी ऐकू येई. त्यामुळे सगळे जरा मोठ्यानं बोलत होते. मावशी किटली घेऊन एकेकाचा कप भरत फिरत होत्या.

"हा जुना काळ का घेतला?" ऑडिटरबाईंनी विचारलं. "तेव्हा तर शेअर हलतच नव्हता. आता रोज हलतोय."

साहेबांनी माझ्याकडे हात केला. "ते काम बाईंकडे आहे. त्या सांगतील."

"हा आकडा माझा नाही," मी म्हटलं. "माझा मी सकाळीच साहेबांना पाठवलाय. त्यात आत्ताचा चढउतार धरलाय. त्यात नफा नाही, तोटा आहे."

अध्यक्षांनी कानामागे हात धरला. "काय आहे?"

"तोटा," ऑडिटरबाई मोठ्यानं म्हणाल्या.

"मग हा कुणाचा?"

"साहेबांचा," मीही आवाज चढवला. "त्यांना तरी काय म्हणायचं. कंत्राट संपत आलेलं. त्या अवस्थेत लक्ष राहत नाही."

कुणी हसलं नाही. ऑडिटरबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. साहेबांचे कान आधी लाल झाले, मग मान. मी ते सावकाश पाहिलं, बाळाचं तापमान पाहते तसं, पारा कुठवर चढतो यावर डोळा ठेवून. गोड लागलं. त्याच क्षणी माझ्या अंगात पान्हा उतरला आणि मी शाल पुढे ओढून घेतली. किटलीतून पडणारी चहाची धार मध्येच थांबली होती, ती पुन्हा सुरू झाली.

साहेबांचं कंत्राट वाढलं नाही. महिनाअखेरीला ते खोकं घेऊन जिन्याकडे आले तेव्हा मी माझी बिलं जावयाच्या हवाली करत होते. तिथे थांबायची काही गरज नव्हती, तरी थांबले.

"बाळ कसं आहे?" साहेबांनी विचारलं.

"बरं आहे. दात आला."

"चावत असेल."

"चावतं. पहिल्यांदा मलाच चावलं."

ते उतरत गेले. शेवटच्या पायरीपर्यंत मी कान देऊन ऐकलं. कुठलीच पायरी ओली नव्हती.

बोनस नाही अशी सूचना कँटीनच्या फलकावर लागली. मी पाणी प्यायला गेले तेव्हा मावशी तिच्याखाली बसून चहात बिस्कीट बुडवत होत्या.

"एक सांगा, ताई. कंपनीचा भाव दुप्पट झाला ना?"

"झाला."

"ऑर्डरही मोठी आली."

"आली. भाव वाढला म्हणून त्या कर्जवाल्यांचा हक्क महागला. तो आपल्याला द्यायचा, म्हणून आपल्याला तोटा."

"म्हणजे चांगलं चाललंय म्हणून तोटा?"

"कागदावर."

"आणि वाईट चाललं असतं तर?"

"तर कागदावर नफा दिसला असता."

मावशींनी थोडा विचार केला. बिस्कीट मऊ पडून चहात गळालं. "आमच्या घरी असं नाही बाई. आमच्याकडे वाईट चाललं की वाईटच दिसतं. कुणाच्या हातून रोख काही गेलं का यात?"

"नाही. एक पैसाही नाही."

"माझे दात गेले," त्या म्हणाल्या. चमच्यानं बिस्कीट शोधू लागल्या.

"मावशी, कवळीचे पैसे मी देते. मला जुनी जागा मिळालीय, आणि..."

"नको."

"उसने म्हणून घ्या."

"नको हो." त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्ही बोललात ते बरोबरच होतं. मी किटली घेऊन तुमच्या पाठीशी उभी होते. बोलायच्या आधी एकदा वळून माझ्याकडे बघायचं होतं. मी काय नको म्हटलं असतं? बोला, असंच म्हटलं असतं."

पाण्याचा पेला हातात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी फायलींच्या खोलीत गेले तेव्हा बाहेर खुर्ची नसेल असं धरून चालले होते. खुर्ची होती. मावशीही होत्या. त्यांनी पाय बाजूला घेऊन मला वाट दिली. आत स्टूल पुसून ठेवलेलं होतं.

पंप नुकताच लावला होता तोच बाहेर पावलं वाजली.

"ताई आहेत का आत?" जावयाचा आवाज. "त्या कोष्टकाचं विचारायचं होतं."

"कामात आहेत."

"कसल्या कामात?"

मी पंप बंद केला आणि ऐकत राहिले. हसू आवरायला एक हात आधीच तोंडाशी गेला होता.

"नंतर या," मावशी म्हणाल्या.