मुनाफनं ऐकलं होतं

हरभरा सोंगायचा तर उन्हं चढायच्या आत. ऊन लागलं की घाटे तडतड फुटतात आणि दाणा मातीत जातो. म्हणून शेख मुनाफ आणि त्याची बायको जैतुनबी पहाटेचं सहरीचं खाणं उरकून, फजरची नमाज पढून, तांबडं फुटताच वावरात उतरले होते. रमजानचा सातवा रोजा होता. सातपुड्याकडून गार वारा येत होता आणि हरभऱ्याची आंब हातावरच्या चिरांत शिरून चुरचुरत होती. दोघं बोलत नव्हते. लेक इर्शाद गेल्यापासून त्या घरात बोलणं कामापुरतंच उरलं होतं.

"मुनाफभाऊ."

दोन वावरांमधल्या बांधाच्या, धुऱ्याच्या पलीकडून हाक आली. दोघांनीही मान वर केली नाही. आवाज ओळखीचा होता. दोन वर्षांआधी हाच आवाज रोज सकाळी "जैतूनबाई, चहा मांडला वो" म्हणून बोलवायचा. आता मधे एका पोराची कबर होती.

शेजारच्या वावराच्या रंगरावची बायको पंचफुला धुऱ्यावर येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर, हातात काहीच नाही. कामाला आली नव्हती, हे दिसतच होतं.

"मुनाफभाऊ, परवाच्याले कोर्टात तुमची गवाही हाये."

"मालूम हाये."

"खरं तेवढं सांगजा. दुसरं काही मांगत नाही मी."

जैतुनबी इळा घेऊन उभी झाली. "काय खरं वो? माह्या पोराले तुमच्या तारेनं जाळलं, हे खोटं हाये का?"

"ते खरं हाये. ते तं त्याईनं पयल्याच दिवशी कबूल केलं. पन आदल्या संध्याकाळी ते सांगून गेलते. आज तारेत करंट सोडतो, पोराले इकून येऊ नोको देऊ, म्हनून. मुनाफभाऊले सांगतलं होतं."

"कोनाले सांगतलं? सांगतलं असतं तं माहं लेकरू त्या वाटेनं गेलं असतं का?"

"मले काऊन इचारता? मुनाफभाऊलेच इचारा."

"त्याईले काय इचारू? बाप हाये तो त्याचा."

जैतुनबीनं नवऱ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. विचारायची गरजच तिला वाटली नाही. तेवढ्यात मुनाफच्या हातातला इळा सटकला आणि डाव्या अंगठ्यावर बसला. रक्त हरभऱ्याच्या पेंढीवर टपटपलं. जैतुनबीनं ओढणीची चिंधी फाडली, बोट बांधलं आणि पंचफुलाला म्हणाली, "जा बाई तू. रोजा हाये आमचा, तोंड खराब करू नोको."

पंचफुला गेली. मुनाफ चिंधीकडं पाहत तसाच बसून राहिला. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही उगीच नाही.

कारण मुनाफनं ऐकलं होतं.

त्या वर्षी रानडुकरांनी मक्याची वाट लावली होती. रंगरावनं कणसं वाचवायला वावराभोवती तार ओढली आणि विजेच्या खांबावरून तिला करंट जोडला. हे कायद्यात बसत नाही, हे साऱ्यांना ठाऊक, आणि दहांतले चार जण तेच करत होते. त्याच दिवशी दुपारी धुऱ्यावरून पाणी नेण्यावरून मुनाफची आणि रंगरावची चांगलीच जुंपली होती. एकमेकांच्या बापापर्यंत गोष्ट गेली. तरी संध्याकाळी रंगराव धुऱ्यावर आला आणि ओरडून म्हणाला, "आज करंट सोडून राह्यलो. तुह्या पोराले धुऱ्यानं येऊ नोको देऊ. ऐकलं का बे?"

मुनाफनं पाठ फिरवली होती. पाठमोऱ्यानंच तो म्हणाला, "ऐकलं."

घरी आला तेव्हा इर्शाद जेवत होता. बावीस वर्षांचं पोरगं, मोबाईल मांडीवर ठेवून हसत-हसत जेवत होतं. मुनाफच्या जिभेवर गोष्ट आली होती. पण त्या रंगरावचं नाव आज या घरात काढायचं नाही, असा राग डोक्यात होता. सकाळी सांगू म्हणून तो झोपला. शेतीची लाईट त्या आठवड्यात पहाटं चार वाजता यायची. बापाची झोपमोड नको म्हणून पोरगं एकटंच मोटर लावायला गेलं. धुऱ्याच्या वाटेनंच गेलं.

पंचनाम्याला आलेल्या जमादारानं विचारलं, "तुम्हाला आधी सांगितलं होतं का त्यानं?" पोराचं मढं समोर होतं. मुनाफ म्हणाला, "नाही." एवढा एकच शब्द. तो जबाबात लिहिला गेला, खाली अंगठ्यासारखी वाकडी सही झाली. मग तोच शब्द गावात, सोयऱ्यांत, घरात वागवावा लागला. रंगराव दोन महिने तुरुंगात राहून जामिनावर आला. लोक त्याच्या तोंडावर म्हणत, पोरगं मारलं ते मारलं, वरून लबाड बोलते.

मुनाफ आधी जुम्म्यापुरता मशिदीत जायचा. पोरगं गेल्यावर पाची वक्ताची नमाज धरली. लोकांना वाटलं, दुःखानं माणूस अल्लाहकडं वळला. खरं तर तो पळत होता. आणि पळून जिथं जायचा तिथंही तो शब्द आधीच येऊन बसलेला असायचा. हात बांधून उभा राहिला की कानात यायचं, ऐकलं का बे? सजद्यात कपाळ टेकलं की तो चटकन डोकं उचलायचा, पाण्यात बुडणाऱ्यानं उचलावं तसं.

त्या दिवशी मगरीबच्या, संध्याकाळच्या नमाजीनंतर सारे घरी गेले. मुनाफ मागं राहिला. मशिदीचा इमाम हाफिज नईम, बाळापूरकडचा, तिशीच्या आतला पोरगा. तो चटया गुंडाळत होता.

"हाफिजजी, एक इचारू?"

"बोला ना चाचा."

"समजा एखादा मानूस एक गोष्ट लबाड बोलला. आन मंग दोन वर्सं तेच बोलत राह्यला. नमाज पढते, रोजे धरते, रडते बी. त्याची तौबा कबूल व्हते का?"

हाफिजनं चटई खाली ठेवली. त्याची नजर मुनाफच्या बांधलेल्या अंगठ्यावरून तोंडावर आली. परवा कोर्टात तारीख आहे, हे साऱ्या गावाला माहीत होतं.

"कबूल कराचं काम माहं नाही, चाचा. त्याचं हाये," तो म्हणाला. "पन मले शिकवलं ते सांगतो. अल्लाहचं काही चुकलं असन, तं त्याच्याजवळ रडून भागते. तो रहीम हाये. मानसाचं चुकलं असन, तं पयले त्या मानसाजवळ जा लागते. तो हिशोब अल्लाह परस्पर मिटवत नाही."

"आन त्याच्यात सोताचं घर बुडत असन तं?"

"कुरआनात हुकूम तसाच हाये. गवाही अल्लाहसाठी द्या. ती तुमच्या सोताच्या आंगावर आली तरी, मायबापाच्या आंगावर आली तरी." हाफिजनं चटई पुन्हा हातात घेतली. "सोपं हाये असं मी म्हनत नाही. माह्यावर आली असती तं मी काय केलं असतं, मले मालूम नाही."

या शेवटच्या वाक्यानं मुनाफला धीर आला. वाज, म्हणजे उपदेश करणारे पुष्कळ भेटले होते. आपल्यासारखाच भ्यालेला माणूस पहिल्यांदा भेटला.

दुसऱ्या दिवशी वावरात दोघं पुन्हा सोंगणीला लागले. पूर्ण एक पट्टा झाला तरी मुनाफचं तोंड उघडेना. शेवटी त्यानं इळा जमिनीत रोवला.

"जैतून, पंचफुला खरं बोलली."

"काय खरं?"

"रंगराव सांगून गेलता. म्या ऐकलं होतं. घरी येऊन सांगतलं नाही."

जैतुनबीचा हात पेंढीवर होता तसाच राहिला. दूर कोणाच्या तरी वावरात मळणीयंत्र घरघरत होतं, तेवढाच आवाज.

"तुमी जेवत व्हते त्याच्याजवळ बसून," ती हळू आवाजात म्हणाली.

"हाव."

"म्या तुमाले दोन डाव भाकर वाढली."

"हाव."

"आन तुमी सांगतलं नाही."

तो मान खाली घालून बसला. ती रडेल, मारेल, ओरडेल, असं त्याला वाटलं होतं. ती उठली आणि चालू लागली. चप्पल धुऱ्याशीच राहिली. हरभऱ्याची खुंटं पायांना टोचत असतील, पण ती तशीच गेली. त्या संध्याकाळी मुनाफनं एकट्यानं पाण्याच्या घोटावर रोजा सोडला. जैतुनबी आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून होती.

कोर्टाच्या दिवशी तो एसटीच्या थांब्यावर आला तर ती आधीच उभी. "मले ऐकाचं हाये," एवढंच बोलली. गाडीत ती पुढच्या बाकावर बसली, तो मागं.

कोर्टाच्या आवारात सरकारी वकिलानं त्याला गाठलं. "जबाबात लिहिलंय तेवढंच सांगायचं. इकडं-तिकडं जायचं नाही. केस पक्की आहे."

मुनाफनं मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्यालाही कळलं नाही.

तो पिंजऱ्यात उभा राहिला. समोर रंगराव उभा होता, दोन वर्षांत दहा वर्षांनी म्हातारा झालेला. मागच्या बाकावर एका टोकाला पंचफुला आणि दुसऱ्या टोकाला जैतुनबी. सरकारी वकिलाचे प्रश्न झाले. मुलगा कधी गेला, तार कोणाची होती, तुम्ही काय पाहिलं. सारं त्यानं सांगितलं. मग वकिलानं विचारलं, "तारेत करंट सोडल्याची सूचना आरोपीनं तुम्हाला दिली होती का?"

पंखा फिरत होता. टायपिंग करणाऱ्या बाईची बोटं थांबली होती. मुनाफनं मनात बिस्मिल्ला म्हटलं.

"देल्ली होती."

वकील दचकला. "नीट ऐका प्रश्न."

"ऐकला साहेब. संध्याकाळी धुऱ्यावर येऊन त्यानं सांगतलं. मी 'ऐकलं' म्हनलो. पोराले सांगतलं नाही."

जजसाहेबांनी चष्मा वर केला. "पोलिसांना तर तुम्ही उलट सांगितलं होतं."

"लबाड बोललो."

"का?"

मुनाफला वाटलं होतं, इथं आपली बोबडी वळेल. पण उत्तर जणू दोन वर्षं आत तयार होऊन बसलं होतं. "त्या वक्ती कोनावर तरी राग काढाचा होता साहेब. सोतावर काढला असता तं मी जगलो नसतो. तार रंगरावनं लावली, ते त्याचं पाप हाये. ते मी माफ करा म्हनत नाही. पन माहं पाप त्याच्या डोक्यावर होतं. ते घेवाले आलो."

"खोट्या जबाबाबद्दल तुमच्यावरही कारवाई होऊ शकते. कळतं ना?"

"हाव. कळते."

सरकारी वकिलानं कागद आपटले. मागं पंचफुला पदर तोंडात घालून रडत होती. जैतुनबी ताठ बसून होती, डोळे कोरडे.

बाहेर निंबाखाली रंगराव त्याच्यासमोर आला. आता हा गळ्यात पडेल, असं पाहणाऱ्यांना वाटलं. तसं काही झालं नाही.

"लय उशीर केला, मुनाफ."

"हाव."

"माही पायल सासरी मान वर करून बोलली नाही दोन वर्सं. लबाडाची पोरगी म्हनत तिले."

"माफ कर मले."

रंगराव दुपट्ट्यानं तोंड पुसत राहिला. "तार तं म्याच लावली होती. मी तुले कोन्या तोंडानं माफ करू?" असं म्हणून तो पंचफुलामागं निघून गेला.

निकाल पुढं वैशाखात लागला. रंगरावला सजा झालीच, पण जिचं भय होतं तितकी नाही. मुनाफला जजसाहेबांनी कडक शब्दांत समज दिली. गावानं मात्र आपला निकाल त्याच दिवशी दिला. काल मुनाफची कीव करणारे म्हणू लागले, पोराचा मारेकरी घरातच होता. त्याच्या चुलतभावानं तर सलाम घेणं सोडलं. पण ते नंतरचं.

त्या दिवशी गाडीतून उतरल्यावर जैतुनबी घराकडं वळली. मुनाफ कब्रस्तानाच्या वाटेनं गेला. जनाजा झाल्यावर तो तिथं एकदाही थांबला नव्हता. फाटकातूनच फातिहा पढून परत यायचा. आज तो आत गेला. कबरीवर कुसळी गवत गुडघाभर वाढलं होतं. अंगठ्याची जखम ठसठसत होती, तरी त्यानं सारं गवत उपटलं, ढेकळं सारखी केली आणि मग तिथंच बसला. उन्हं कलली, तेव्हा उठला.

घरी आला तर जैतुनबीनं दोन खजूर आणि पाण्याचा तांब्या त्याच्या जागेवर मांडला होता. स्वतः चुलीशी बसली होती.

"कबरस्तानात गेलते?"

"हाव."

"गवत वाढलं असन."

"उपटलं."

थोडा वेळ चूल फुंकून तिनं विचारलं, "काय बोलले त्याच्याजवळ?"

"कोर्टात बोललो तेच."

"मंग त्यानं माफ केलं असन. तो तसाच होता, राग धरत नव्हता." तिचा आवाज पहिल्यांदा चिरला. "माह्याच्यानं इतक्यात होनार नाही. तुमाले थांबा लागन."

"थांबतो."

"किती वर्सं, सांगता येत नाही."

"थांबतो, जैतून."

अजान झाली. त्यानं खजूर तोंडात घातला, पाणी प्याला आणि अंगणातच चटई अंथरून नमाजीला उभा राहिला. कानात काही आलं नाही. शेजारच्या गोठ्यात गाय हंबरली ती ऐकू आली, चुलीतलं लाकूड तडकलं ते ऐकू आलं. सजद्यात त्यानं कपाळ टेकवलं, आणि उठायची घाई झाली नाही.