गवतात कुणी शिरायचं नाही

आमच्या पक्षी बघणाऱ्यांत एक नियम आहे. फोटो असेल तर पक्षी दिसला. फोटो नसेल तर तोच पक्षी दुसऱ्या कुणीतरी बघितलेला पाहिजे. यातलं काहीच नसेल तर तुम्ही गप चहा प्यायचा. हा नियम कुणी काढला मला माहीत नाही, पण ज्यानं काढला त्याच्याकडं मोठी लेन्स असणार, एवढं छातीठोक सांगतो.

मी गहिनीनाथ. मिरजगावात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. दसरा झाला, माळावरचं गवत पिवळं पडायला लागलं की दर रविवारी आम्ही चौघं पक्षी बघायला जातो. भिंगारहून सुमंत सरांची गाडी येते. सर शाळेतून निवृत्त झाले, पण अजून बोलताना हातात खडू असल्यासारखे बोलतात. मागच्या सीटवर अर्णव, त्यांचा जुना विद्यार्थी. आता कंपनीत मोठ्या पगारावर आहे आणि त्याची लेन्स पाळण्यातल्या बाळाएवढी आहे. आणि पुढं दमयंतीताई. कॅन्टोन्मेंटच्या ऑफिसात जन्मभर कारकुनी केलेली बाई. यजमान गेल्यावर दुसरी कुणी जपमाळ धरली असती, हिनं दुर्बीण धरली.

उन्हाळ्यात ताईंचा मोतीबिंदू काढला. तेव्हापासून पुण्याचा मुलगा, ओम, मागं लागलाय.

त्या रविवारी स्टँडसमोर चहा पिताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "ओम म्हणतो, आई, आता बास झालं. माळावर कुठं पडलीस तर कळायचंसुद्धा नाही. तुला नीट दिसत नाही."

"मग तुमी काय म्हणाल्या?"

"म्हटलं, ज्या दिवशी माझे सोबती म्हणतील की हिला दिसत नाही, त्या दिवशी दुर्बीण कपाटात ठेवीन. बोलून बसले बाई."

"अन दिसतंय का?"

"तुझ्या कानाला ग्रीस लागलंय, एवढं तरी दिसतंय."

मी कान पुसला. खरंच लागलं होतं.

माळावर पोचलो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. सर आणि अर्णव टेकाडावर बसले. मी बोरीच्या झुडपाआड. ताई खाली ओघळीच्या कडेनं हळूहळू चालत होत्या, गुडघाभर गवताला लागून. थोड्या वेळात भोवत्या आला. हा शिकारी पक्षी दरसाल या दिवसांत परमुलखातून येतो. गवतावर अगदी खालून तरंगत जातो आणि टोळ, सरडा, पिल्लू, जे सापडेल ते उचलतो. हा नर होता, राखाडी. उन्हात असा चमकला की अर्णवच्या तोंडून शिवीच निघाली, कौतुकाची.

भोवत्या ओघळीपाशी एकाच जागी घिरट्या घालायला लागला. बरोबर ताईंच्या डोक्यावर.

"काकू, बाजूला व्हा! फ्रेममध्ये येताय!" अर्णव ओरडला.

ताई हलल्या नाहीत.

"दमयंतीबाई, दोन पावलं मागं!" सर.

बाई दगडासारखी उभी. गळ्यात कॅमेरा लोंबतोय, हात खाली. भोवत्यानं पाय सोडले, खाली आला, माणूस बघून वर गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. शेवटी कंटाळून लांबच्या बांधावर जाऊन बसला. अर्णवनं कपाळावर हात मारला. "सगळे फोटो वाया! प्रत्येकात काकूंची टोपी."

मग ताई टेकाड चढून वर आल्या. धाप लागली होती. दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "तणमोर. मादी. सोबत पिल्लू."

सरांनी दुर्बीण खाली घेतली, अर्णवनं लेन्स.

त्याचं कारण सांगतो. तणमोर म्हणजे कोंबडीएवढा, लांब मानेचा, गवतात लपून राहणारा पक्षी. देशात आता इतके थोडे उरलेत की नाव काढलं तरी आमच्यातले लोक आवाज खाली करतात. सरांनी अर्धं आयुष्य हे माळ तुडवले, त्यांना एकदाही दिसला नाही.

"तित्तर असेल," सर म्हणाले.

"तित्तर मला ओळखू येतो."

"फोटो?"

"नाही काढला."

"समोर तणमोर आणि फोटो नाही काढला?" सर हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "दमयंतीबाई, राग मानू नका. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. सकाळचं ऊन तिरपं असतं. होतं असं."

माझं डोकं सणकलं. "सर, मोतीबिंदू डोळ्याला झाल्ता, अकलेला न्हाई! हेच मी सांगितलं असतं तर माझ्या डोळ्यांचा विषय काढला असता का? अर्णवनं नुसतं 'दिसलं' म्हटलं की तुमी व्हय म्हणता. बाई बोलली की ऊन तिरपं!"

"गहिनीनाथ, नियम सगळ्यांना सारखा आहे."

"नियम कॅमेऱ्याला हाय. माणसाला न्हाई."

ताई खाली बघत चष्मा पुसत बसल्या होत्या. काच स्वच्छच होती. सकाळचं बोलणं मला आठवलं, आणि आपल्या बोलण्याचा अर्थ नेमका 'हिला दिसत नाही' असाच होतो हे सरांना माहीत नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं तर ताईंनी डोळ्यांनीच गप केलं.

तेवढ्यात अर्णव म्हणाला, "सर, मी पण बघितला. लेन्समधून. एकच सेकंद."

ताईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "हो का रे? मान कशी होती तिची?"

"वर... वर केलेली. इकडं तिकडं बघत होती."

"मान जमिनीला टेकलेली होती. भोवत्या डोक्यावर असताना कोण मान वर करेल?" त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. "अर्णव, माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. उद्या मला खरंच दिसेनासं होईल. तेव्हा कुणाच्या शब्दावर विसंबून राहू मी?"

पोराचं तोंड एवढंसं झालं. "सॉरी काकू. मला वाटलं..."

"कळलं मला, काय वाटलं ते."

सर उठले, पँट झटकली. "सोपं आहे. वाद कशाला? चौघं ओळीनं गवतातून जाऊ. असेल तर उडेल. अर्णव तयार राहील. फोटो झाला की मी स्वतः बाईंची माफी मागेन."

खरं सांगायचं तर मलाही पटलं. ताई जिंकाव्यात, सरांचं तोंड बंद व्हावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी उठलोसुद्धा. अर्णवनं लेन्स खांद्यावर घेतली.

ताई आमच्या आधी उठल्या आणि उताराच्या वाटेत आडव्या उभ्या राहिल्या.

"गवतात कुणी शिरायचं नाही."

"अहो, पण तुमचंच म्हणणं सिद्ध होईल!" सर म्हणाले.

"तो बघा, अजून बांधावर बसलाय." त्यांनी भोवत्याकडं बोट केलं. आम्हाला शोधावा लागला, त्यांना नाही. "आई उडाली की पिल्लू उघडं पडणार. त्याला अजून उडता येत नाही. म्हणून तर मी हलले नाही मघाशी. कॅमेरा उचलला असता तरी ती बिचकली असती. आमच्यात एक हात अंतर असेल नसेल."

"मग याची नोंद होणार नाही," सर म्हणाले.

"नका करू."

"ताई," मी खालच्या आवाजात म्हणालो, "अन ओमला काय सांगणार?"

"ओमला पटवायला मी ते पिल्लू देऊ होय?"

सरांनी विचारलं, "ओमचा काय संबंध?" मग मात्र मी थांबलो नाही. सगळं सांगून टाकलं. ताई माझ्यावर चिडल्या, पण तोवर सांगून झालं होतं.

सरांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, ओघळीकडं धरली, आणि गवत बघून झाल्यावर खाली घेतली. तिथं काही दिसलं असेल असं मला वाटत नाही. जन्मभर शोधलेला पक्षी हाकेच्या अंतरावर असेल किंवा नसेल, आणि बघायला जायचं नाही, हे त्यांना किती जड गेलं ते मी त्यांच्या मानेच्या शिरांवर बघितलं. माझा राग तिथं जरा उतरला. पूर्ण नाही.

"अर्णव, लेन्सला झाकण लाव," ते म्हणाले. "गाडीकडं वरच्या बाजूनं जाऊ. लांब पडेल, पडू दे. ओघळीत कुणी उतरायचं नाही."

आम्ही वळलो. वाट दगडाधोंड्यांची होती. ताई पुढं, पाय नीट टाकत. सर पावलं उचलून त्यांच्या बरोबरीला गेले.

"पुढच्या रविवारी दाराशी गाडी आणतो. ओमला सांगा, सर म्हणाले आईला माझ्यापेक्षा बरं दिसतं. पाहिजे तर मी बोलतो त्याच्याशी."

"तुम्ही तर तित्तर म्हणत होतात."

"म्हणत होतो." सर थोडं चालले. मग वर्गात बाकावरच्या पोरानं विचारावं तसं विचारलं, "केवढं होतं हो पिल्लू?"

ताई थांबल्या. दोन्ही तळहातांची ओंजळ केली, मग ती आणखी लहान केली.

"एवढं. आणि अंगावर गवतासारख्याच रेघा. मला आधी आई दिसली नाहीच, आधी त्याचा डोळा दिसला. तो मिटेना. मग मी बघितलं, त्याच्या बाजूला..."

गाडीपर्यंत त्या सांगत होत्या. मधे कुणी बोललं नाही, मीसुद्धा नाही.